घाटातली दुभाषी

महाबळेश्वरला जायचं ठरलं की आमच्या घरात माझी थट्टा सुरू होते. वाई मागं पडली आणि गाडी चढाला लागली की आजीची दातखीळ बसते, असं धाकटी सून म्हणते. नातू तर पसरणीच्या घाटात मुद्दाम मागं वळून विचारतो, "आजी, आहेस ना?" मी हसते आणि खिडकीची काच वर करते. मी घाटाला घाबरते असं मी त्या सगळ्यांना समजू दिलं आहे. भित्री म्हणवून घेण्यात आपलं काही जात नाही. खरं कारण मी आजवर या घरात कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. पण आता ते गाळून या आठवणी पुढं नेल्या तर ती आणखी एक लबाडी होईल, आणि एका जन्मात एवढी लबाडी पुरे झाली. म्हणून आधी हे लिहिते.

आमचं घर सोलापूरच्या शुक्रवार पेठेत. अप्पांचा सुताचा व्यापार होता. खाली पेढी, वर आम्ही. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की शेजारच्या बोळातले तेलुगू विणकर हातमागावर बसायचे आणि त्यांच्या खटखटीतच आम्ही पोरं डोळे उघडायचो. घरात कन्नड, पेढीवर मराठी, बोळात तेलुगू आणि टांगेवाल्यांची दखनी, असा चारी बाजूंनी मारा असायचा, त्यामुळं सोलापूरचं पोर बोलायला लागतं ते तीन-चार भाषांत एकदमच. अपवाद फक्त अत्तीचा. अत्ती म्हणजे आत्या, अप्पांची थोरली बहीण गौरव्वा. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यात तिला दिली होती. तिथं नवरा गेला, मूल नव्हतं, म्हणून अप्पांनी तिला कायमची घरी आणली. तिला कन्नडखेरीज एक अक्षर येत नव्हतं. मराठी माणूस समोर आला की ती पदर सावरून हसायची आणि मला हाक मारायची, "निली, बा इल्ली!" म्हणजे निली, इकडं ये. मग मी मध्ये उभी राहून तिचं त्याला आणि त्याचं तिला सांगायची. भाजीवाली, कासार, पोस्टमन, सगळ्यांशी तिचं बोलणं माझ्या तोंडून चालायचं. अप्पा मला आमची दुभाषी म्हणायचे, आणि मला त्याचा भारी ताठा होता.

मला वाढवलं तिनंच. अव्वाची, म्हणजे आईची, बाळंतपणं, आजारपणं चालू असायची, त्यामुळं माझी वेणी, माझं न्हाणं, माझे हट्ट सगळे अत्तीकडं. तिच्या हातची कडक भाकरी मोडली की कुरकुर आवाज व्हायचा. त्यावर शेंगांची चटणी आणि घट्ट दही. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, असली की तळाशी लागलेली खरवड ती माझ्यासाठी वाटीत काढून ठेवायची आणि वर सगळ्यांना सांगायची की जळली म्हणून टाकून दिली. सकाळी आंघोळ करून ती न्हाणीघराच्या कोपऱ्यात बसायची, गळ्यातलं लिंग रेशमी फडक्यातून सोडवून डाव्या तळहातावर घ्यायची आणि भस्म, पाणी, बेलपान वाहायची. आम्हा लिंगायतांत लिंग गळ्यातून उतरवायचं नसतं. पूजा झाल्याशिवाय घोटभर पाणी घ्यायचं नाही. घरात बाकीच्यांची पूजा उरकून टाकण्यातली झाली होती, अत्तीची नव्हती. डाव्या हाताकडं बघताना ती इतकी गुंग व्हायची की मी पाठीवर चढले तरी हलायची नाही.

अप्पांनी मोटार घेतली ती जुनीच, कापडी हूड मागं दुमडणारी. तिच्याबरोबर ड्रायव्हर आला दस्तगीर. उंच, किडकिडीत, डोळ्यांत सुरमा. गाडीला तो 'बेटी' म्हणायचा आणि ती चालली नाही की तिच्याशी भांडायचा. सोलापूरच्या माणसानं डोंगर म्हणून काय बघितलेलं असतं? आमच्याकडं नजर टाकावी तिकडं काळी जमीन आणि बाभळी. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही सगळे पाचगणीला गेलो तेव्हा वाईच्या पुढं दस्तगीरनं गाडी थांबवली, पाणी भरलं आणि समोर बोट दाखवून म्हणाला, "अब देखो तमाशा." आणि गाडी जी वर चढायला लागली! एका वळणावर डोंगर उजवीकडं, दुसऱ्यावर डावीकडं. खाली कृष्णेची रेघ, वाईची देवळं, उसाचे हिरवे तुकडे. वर थंड वारा, करवंदीच्या जाळ्या, आणि महाबळेश्वरकडं निघालं की जांभळी-हिरड्याचं असलं दाट रान, की भर दुपारी दस्तगीर टोपी काढून म्हणायचा, "शाम हो गई क्या?" संध्याकाळी तो आम्हाला रानातल्या रस्त्यांनी नुसताच हिंडवायचा. कुठं जायचं नसायचं. गाडीत बसून झाडं बघायची, एवढंच काम. असं काही माणसं करतात हेच आम्हाला नवीन होतं. दोन उन्हाळे असे गेले. माझी जागा पुढं, दस्तगीरशेजारी. मागच्या सीटवरचं बोलणं वाऱ्यात त्याला ऐकू यायचं नाही, म्हणून मी मान वळवून ऐकायचं आणि त्याला सांगायचं, असा रिवाज पडला. म्हणजे गाडीतसुद्धा मी दुभाषीच.

तिसऱ्या उन्हाळ्यात अव्वाचे दिवस भरत आले होते, म्हणून ती घरीच राहिली. अप्पा बंगल्याची व्यवस्था बघायला दोन दिवस आधी सर्व्हिस मोटारीनं पुढं गेले. आमच्या गाडीत अत्ती, मी आणि दोन पाहुण्या. एका गिरणीतल्या वीव्हिंग मास्तरांशी अप्पांची घसट होती. त्यांची बायको सरोजिनीबाई आणि माझ्याच वयाची मुलगी कुमुद. दोघी मूळच्या पुण्याच्या. कुमुद पुण्याला आजोबांकडं राहून इंग्रजी शाळेत जात होती, सुट्टीला सोलापूरला आली होती. तिच्या पायात बूट होते, ती वाऱ्यात केस उडू नयेत म्हणून रुमाल बांधायची, आणि तिचं मराठी ऐकताना आपण आजवर तोंडात चिंचोके ठेवून बोलत होतो असं मला वाटायचं. मी चौदा वर्षांची होते. सरोजिनीबाई निघायच्या आदल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, "चुणचुणीत आहेस गं. तुझ्या वडिलांशी बोलून बघते. पुण्याला कुमुदबरोबर राहशील?" तेव्हापासून माझं अन्नावर लक्ष नव्हतं. पाचगणीत त्या अप्पांशी बोलणार होत्या. तोवर आपल्याकडून काही गावंढळपणा होऊ नये, एवढीच माझी काळजी. आणि माझ्या डोळ्यांना त्या गाडीतला सगळ्यात मोठा गावंढळपणा कोण दिसत होता, ते लिहायला हात जड होतो.

पहाटे निघालो. अत्ती तीनलाच उठून आंघोळ, पूजा करून बसली होती. पायाशी भाकरी, धपाटी, चटणीचं बोचकं. दहाच्या सुमारास नातेपुत्याला अप्पांच्या ओळखीच्या एका अडत्याकडं थांबायचं होतं. त्यांची बायको दारातच आडवी आली. "आता जेवल्याबिगर कुटं निगालाव? लई लांबचा पल्ला हाय की!" तिनं पाटावर बसवलं, भाकरी, झुणका, वर दह्याचं गाडगं. सरोजिनीबाईंनी "आम्ही आमचं आणलंय हो" म्हणत नुसतं दूध घेतलं आणि ओसरीवर आपला डबा उघडला. त्यामुळं त्या बाईचा सगळा आग्रह अत्तीच्या ताटात पडला. "आत्या, तुमी तरी जेवा की! काय म्हंतात त्या?" ती मला विचारायची. अत्ती मला कन्नडमध्ये म्हणत होती, निली, सांग हिला, मला गाडी लागते, जास्त नको. मी ते सांगितलं. पण ती बाई कसली ऐकते! शेवटी अत्तीला नको म्हणवेना, तिनं सगळं संपवलं.

फलटणच्या अलीकडंच तिला पहिल्यांदा मळमळलं. गाडी थांबवली. मग लोणंदच्या पुढं एकदा. प्रत्येक वेळी अत्ती रस्त्याच्या कडेला वाकायची आणि परत येताना सरोजिनीबाईंकडं बघून हात जोडायची. त्यांनी नाकाला अत्तराचा रुमाल लावला होता. कुमुद मला हळूच म्हणाली, "मोटारची सवय नसते ना अशा बायकांना." अशा बायकांना! मी काय करायला हवं होतं, हे मला आज पन्नास-साठ वर्षांनी चांगलं सुचतं. तेव्हा मी म्हणाले, "हो ना."

घाट लागला. पहिल्याच मोठ्या चढावर अत्तीला तिसऱ्यांदा उलटी झाली, गाडी थांबली, आणि पुन्हा उठेना. सगळ्यांना खाली उतरावं लागलं. चाकांमागं धोंडे लावले, सरोजिनीबाई जरीचं लुगडं धरून धुळीत उभ्या राहिल्या. रेडिएटर फुसफुसत होता. दस्तगीरनं पाणी ओतलं आणि मला म्हणाला, "बेबी, उनोकू बोलो, अब चढ पे नक्को रुकाओ. ऊपर जाके बैठो आराम से. फिर रुकी तो गाडी उठती नईं." मी ते अत्तीला सांगितलं. कसं सांगितलं तेही लिहायला हवं. झिडकारून सांगितलं. अत्ती म्हणाली, "आयतु, आयतु." बरं बरं. आणि दाराशी अंग चोरून बसली. सरोजिनीबाई कुणाला उद्देशून नाही अशा बेतानं म्हणाल्या, "वयस्कर माणसांना कशाला आणायचं असल्या प्रवासाला." एवढ्यानं पुण्याचं बोलणं होण्याआधीच मोडतंय, असं मला वाटलं.

त्यानंतर तीन-चार वळणं गेली. एका वळणावर मोठा वड आहे, त्याच्या पारंब्या रस्त्यावर आलेल्या होत्या आणि कडेला सरकारी कामाचे खडीचे ढीग टाकले होते. तिथं अत्तीला पुन्हा उमळलं. थांबवू नका असं बजावलेलं, म्हणून ती चालत्या गाडीतूनच दारावरून बाहेर वाकली. हूडच्या लोखंडी काडीत तिच्या गळ्यातला दोरा अडकला असावा. ती सरळ झाली, हात गळ्याकडं गेला, आणि ती ओरडली, "निली, गाडी निंदरसु! निंदरसु!" गाडी थांबव. दस्तगीरनं विचारलं, "क्या बोलरैं उनो?" सरोजिनीबाईंनी कपाळाला हात लावला, "आता पुन्हा?" आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले, "अत्ती म्हणतेय, खाली वाई बघा, किती छान दिसतेय! अशी जागा जन्मात बघितली नाही म्हणते."

सगळ्यांच्या माना दरीकडं वळल्या. दस्तगीर खूश होऊन हसला आणि त्यानं वेग वाढवला. तेवढ्यात मागून अत्तीचा आवाज आला, स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं: "नन्न लिंगा बित्तु." माझं लिंग पडलं. मला ते नीट ऐकू आलं. वारा होता, इंजिनाचा आवाज होता, असली कुठलीही सबब मी इथं पुढं करणार नाही. मला ऐकू आलं. पण वाईचं कौतुक सांगून झालं होतं, आणि आता थांबा म्हणावं तर ते खोटं उघडं पडणार होतं. पुढच्या वळणावर सांगू, असं मी मनाशी म्हटलं. ते वळण आलं आणि गेलं. अत्ती दोन्ही हातांनी गळा चाचपत रडत होती. सरोजिनीबाईंनी तिचा हात थोपटला. "भारावल्या हो बिचाऱ्या," त्या कुमुदला म्हणाल्या, "बघ, निसर्गाला भाषा लागत नाही." आणि अत्तीला दरी दाखवत मोठ्यानं म्हणाल्या, "हो हो, सुंदर! फार सुंदर!" अत्ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

वर पाचगणीला बंगल्याशी गाडी थांबली. अत्ती उतरली ती थेट दस्तगीरसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं आपला मोकळा गळा त्याला बोटानं दाखवला. त्याला एका क्षणात कळलं. "या अल्ला! लिंग गिर गया इनका?" तो माझ्याकडं वळला. "किधर गिरा? उनो बोले नईं क्या तुमकू?"

"नाही," मी म्हणाले.

अप्पा आले, त्यांनीही कन्नडमध्ये तेच विचारलं. कुठं पडलं, कळलं तेव्हा हाक का मारली नाहीस? अत्ती म्हणाली, दनी होरडलिल्ला. आवाजच फुटला नाही. आणि कुठं? डोकं फिरत होतं, डोळे मिटलेले होते, सगळी वळणं सारखीच वाटली, एवढंच ती सांगू शकली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून तिनं मला झाकलं. मी दाराला टेकून उभी होते. गाडीतल्या इतक्या माणसांत ते वळण नेमकं कोणतं हे फक्त मला माहीत होतं, कारण तिथंच मी सगळ्यांना वाई दाखवली होती. वडाचं वळण, असे दोन शब्द म्हणायचे होते. पण वडाचं वळण म्हटलं की दस्तगीरला आठवणार, सरोजिनीबाईंना आठवणार, तिथं तर तुझी अत्ती खाली वाई बघा म्हणाली होती ना? मी तोंडात मूग धरून बसले. दस्तगीर आणि अप्पा दिवस मावळेपर्यंत वरची वळणं शोधत राहिले. तिथं काही नव्हतंच.

अत्तीनं त्या संध्याकाळी पाणी घेतलं नाही. लिंग नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर पाणी नाही. तिच्यापुरता विषय संपला होता. अप्पांनी हात जोडले, रागावले, सोलापुरातल्या मठाला तार केली की कुणा जंगमांना, म्हणजे आमच्या पुरोहितांना, नवं लिंग घेऊन पाठवा. ते यायला दोन दिवस तरी लागणार होते. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी सरोजिनीबाई अप्पांना म्हणाल्या, झाल्या गोष्टीला इलाज नाही, मुलींना जरा हिंडवून आणू का? अप्पांना पाहुण्यांचा संकोच. दस्तगीर सकाळपासून पुन्हा घाटाची वरची वळणं शोधून नुकताच आला होता, त्याला पुन्हा गाडी काढायला लावली. आम्ही महाबळेश्वरच्या रानात गेलो. काय सांगू, ते रान त्या दिवसाइतकं देखणं मी पुन्हा कधी बघितलं नाही. जांभळीखालचा गार अंधार, मध्येच उन्हाचा पट्टा, कुठं तरी हळद्या शीळ घालतो आहे. एका कातकरणीनं पानाच्या द्रोणात करवंदं आणली. मी ती खाल्ली. अत्तीच्या घशाला पाण्याचा थेंब लागून वीस तास होऊन गेले होते आणि मी करवंदं खाल्ली, कुमुदशी हसले, सरोजिनीबाईंनी "अप्पांशी बोलले बरं का मी, तयार आहेत," असं सांगितलं तेव्हा मला आनंदही झाला. माणूस किती एकावर एक रचू शकतो!

परतताना माझ्यानं राहवेना. पाहुण्यांना बंगल्यावर सोडल्यावर मी पुढच्या सीटवरून उतरलेच नाही. दस्तगीरला म्हणाले, "वडाच्या वळणावर पडलंय. मला माहीत आहे." त्यानं माझ्याकडं बघितलं. मग गाडी वळवली.

वडाखाली रस्त्याचं काम चालू होतं. काल जिथं खडीचे ढीग होते तिथं आता खडी पसरून, पाणी मारून, बैलांचा रूळ फिरवून झाला होता. पाट्या टाकणाऱ्या बायका सावलीत बसल्या होत्या. मी विचारलं, इथं दोऱ्यात बांधलेलं काही सापडलं का? त्यातली एक म्हातारी लगेच म्हणाली, "व्हय, सापडलं की. सकाळच्या पारी. रेशमाचं फडकं, दोरा, आत काळं काय तरी गोल, वर भस्म लावलेलं. वळणावर असं बांधून टाकलेलं, म्हंजी कुनाचा तरी उतारा असंल न्हाय तर करनी. हात न्हाय लावला बाई मी. काठीनं खडीत लोटलं आन वरनं पाट्या वतल्या." आणि माझं तोंड बघून घाबरून म्हणाली, "का वं? काय व्हतं त्यात?"

दस्तगीरनं मुकादमाच्या हातापाया पडून कुदळ घेतली. म्हातारीनं जागा दाखवली. तो गुडघ्यावर बसून हातानं खडी उपसत होता, बोटं सोलवटली. फडकं वर आलं तसा तो मागं सरकला. "मैं हात नईं लगाता," तो म्हणाला, "इबादत की चीज है उनोकी. तुम उठाओ." मी उचललं. फडक्याला भोकं पडली होती आणि आत लिंगाचे तीन-चार तुकडे, काळा चुरा. सकाळपर्यंत ते रस्त्याच्या कडेला शाबूत पडलेलं होतं. आदल्या संध्याकाळी मी दोन शब्द बोलले असते तर दस्तगीर दहा मिनिटांत ते घेऊन आला असता.

गाडीशी येऊन त्यानं विचारलं, "कल इसीच मोड पे रोरे थे ना उनो? तुम बोले, पहाड देखके खुश हैं." त्यानं थुंकण्यासाठी तोंड वळवलं, मग न थुंकताच गाडीत बसला. अप्पांना त्यानं काहीही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तो मला बेबी म्हणाला नाही.

ते तुकडे मी अत्तीच्या हातात दिले. तिनं ते डाव्या तळहातावर ठेवले, नेहमीसारखे, आणि कितीतरी वेळ बघितले. मी तिच्या पायावर डोकं ठेवून कन्नडमध्ये सगळं सांगितलं. वडाचं वळण, पुण्याची शाळा, सगळं. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही, मारलं नाही. मारायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी जंगम स्वामी आले, त्यांनी विधी करून नवं लिंग तिच्या गळ्यात बांधलं, जुने तुकडे कृष्णेत सोडायला नेले. अत्तीनं पाणी घेतलं, दोन घास खाल्ले. अप्पा म्हणाले, सुटलो.

मी जूनमध्ये पुण्याला गेले. हे जे मराठी मी लिहिते आहे ते तिथलं. सुट्टीत घरी आले तर अत्ती भाजीवालीशी स्वतः बोलत होती. "कितीला दिली? वाईच कमी कर की." पन्नाशीतली बाई, शेजारच्या पोरीला पाटावर बसवून एकेक मराठी शब्द घोकत होती. सगळे कौतुकानं हसत होते, मीसुद्धा. मी तिच्या गळ्यात पडून कन्नडमध्ये म्हटलं, अत्ती, मी आले. ती हसली आणि म्हणाली, "बसा. जेवन वाढते." मला वाटलं, शिकलेलं मिरवतेय. पण अव्वाशी ती कन्नड बोलायची, अप्पांशी, माझ्या भावांशी, दारच्या गायीशीसुद्धा कन्नड. माझ्याशी मात्र मराठी, तेही अहो-जाहो करून. हुग्गी केली की वाढायची, वेणी घालून द्यायची, माझ्या लग्नात राब राब राबली. तिच्या वागण्यात कुणाला उणं सापडलं नसतं. फक्त निली अशी हाक मला पुन्हा मिळाली नाही. मी किती वेळा विनवलं, रडले. ती म्हणायची, "आता यायला लागलं की मराटी. तुमाला तरास कशाला?"

तिच्या शेवटच्या दुखण्यात मी माहेरी होते. घरात दुसरं कुणी नव्हतं आणि डॉक्टर नवे, त्यांना कन्नड येत नव्हतं. त्यांनी अत्तीला विचारलं, काय होतंय? तिनं छातीवर हात ठेवला. "हितं दुकतंय." दुखतं म्हणजे कसं, जळजळतं का? तिनं मान हलवली. "न्हाय, जळत न्हाय. असं..." आणि ती शब्द शोधायला लागली. हाताची मूठ वळून खांद्याकडं ओढून दाखवत होती. ती शोधत होती तो कन्नड शब्द सेळेत. आतून कुणी दोरी ओढावी तशी कळ. मी पुढं झाले, तोंड उघडलं. अत्तीनं माझ्याकडं न बघता हात वर केला. "तुमी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि डॉक्टरांना म्हणाली, "जळजळच असंल. तसं लिवा." त्यांनी तसं लिहिलं. मी त्यांच्यामागं जिना उतरले आणि खालच्या पायरीवर गाठून सांगितलं, की जळजळ नाही, ओढल्यासारखी कळ येते, खांद्यापर्यंत जाते. त्यांनी चिठ्ठी परत घेतली, खोडली, आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "अहो बाई, तुम्हाला माहीत होतं, तर मग तेव्हाच का नाही बोललात?"